चिपळूणचा नकाराधिकार

बेल्जियमची जागा मिळाल्याचं घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी कळलं नाही, आणि बिनसलं ते तिथेच.

जागा मिळाली होती माझ्या विद्यार्थिनीला. ती शेवटच्या वर्षाला होती आणि शारजाच्या अल नहदा भागातल्या आमच्याच इमारतीत, माझ्या दोन मजले खाली राहायची. दुबईतल्या एका विद्यापीठात मी युरोपीय एकीकरण शिकवते. एकेकाळी एकमेकांची शहरं जाळणाऱ्या देशांनी आपापले काही अधिकार एका टेबलावर आणून ठेवले. आता ब्रसेल्सच्या मुख्यालयापासून एखाद्या गावच्या महापौरापर्यंत कोणाच्या हातात नेमकं काय असतं, आणि संकट आलं की कोण कोणाकडे बोट दाखवतं, हा आमचा अभ्यास. बहुतेक मुलं हा विषय घेतात कारण तासाची वेळ सोयीची आहे. या मुलीने तो मनापासून घेतला. दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, पहिलं वर्ष बेल्जियममध्ये, सप्टेंबरच्या मध्यावर कॉलेज सुरू.

तिचे वडील उम्म अल कुवैनला खिडक्यांच्या फ्रेम बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. बातमी कळली तेव्हा ते घरी येताना ट्रॅफिकमध्ये अडकले होते, आणि नेमका तेव्हाच पनवेलहून मेहुण्याचा फोन आला. आनंद पोटात राहीना, त्यांनी सांगून टाकलं. मामांनी तासाभरात कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुलाबांचा गुच्छ टाकला: अभिनंदन बेटा, आता युरोप!

चिपळूणच्या थोरल्या काकांना ही बातमी त्या गुच्छातून कळली.

आपल्याकडे बातमी काय आहे याइतकंच ती कोणाला कितव्या नंबरावर कळली यालाही महत्त्व असतं. थोरल्या भावाच्या आधी मेहुण्याला कळणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. काकांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. फक्त करड्या रंगात एक ओळ उमटली की त्यांनी ग्रुप सोडला.

मुलगी धावत माझ्याकडे आली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना इंग्रजीच पुढे येतं. "मॅम, काकांनी आर्टिकल फिफ्टी केलं!"

युरोपीय संघातून बाहेर पडायचं ते कलम. मी हसले. ती हसत नव्हती.

"बाबा म्हणतात, दादा नाही म्हणाले तर आय कान्ट गो."

हे खरं होतं. तिच्या वडिलांना थोरल्या भावाने वाढवलं, शिकवलं, आखातात पहिली नोकरी लागली तेव्हा मुंबईपर्यंत सोडायला तेच आले. त्यांचा शब्द ओलांडायचा विचारही या माणसाच्या मनात येत नाही. शिवाय मुलीचा इथला व्हिसा वडिलांच्या नावावर, बेल्जियमच्या व्हिसाच्या कागदांवर सह्या त्यांच्याच. म्हणजे शारजातल्या मुलीच्या शिक्षणाची किल्ली चिपळूणला एका रुसलेल्या माणसाच्या खिशात.

माझं डोकं फिरलं. आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. आई-वडील दोघंही चळवळीतले. ‘कमळ’ वाचायला येण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. दिवाळीच्या सुट्टीत बाकीची मुलं किल्ले करायची, आम्ही भावंडं पत्रकांच्या घड्या घालायचो. पत्रकाच्या भाषेत ‘कदाचित’ नसतं. मी तिला सरळ सांगितलं, "तू सज्ञान आहेस. तुझ्या शिक्षणावर मत द्यायचा अधिकार काकांना नाही, मामांना नाही, बाबांनाही नाही. वर्गात आपण काय शिकलो? निर्णय शक्य तितका खाली, ज्याच्या आयुष्याचा आहे त्याच्याजवळ घ्यायचा. इथे सगळ्यात खाली कोण आहे? तू."

"लोएस्ट लेव्हल मी आहे, करेक्ट," ती म्हणाली. "पण बाकीच्या लेव्हल्स डिलीट नाही होत ना, मॅम."

"झाल्या तर काय बिघडेल?"

"मला मे महिन्यात चिपळूणला जायचं असतं. एव्हरी इयर. ते पण हवंय मला."

मला हे पटलं नाही. ते नोंदवून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यामुळे मी माझं मत बदललं असा कोणाचा समज व्हायला नको.

त्याच आठवड्यात वर्गात संकटांचं प्रकरण चालू होतं. ते शिकवताना माझा आवाज चढतो, आणि चढायलाच हवा. कर्जाच्या संकटात एका देशातल्या म्हाताऱ्यांची पेन्शन किती कापायची याची चर्चा दुसऱ्याच देशातल्या बंद खोलीत होत होती. निर्वासितांना कोणी किती घ्यायचं यावर मंत्री भांडत होते तेव्हा माणसं होडीत होती. महामारी आली तेव्हा ज्या सीमा पुसल्याचा एवढा अभिमान होता तिथे पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा अडथळे उभे राहिले, शेजारी शेजाऱ्याला मास्क देईना. ज्याच्यावर निर्णय होतो त्याला खोलीत खुर्ची हवी, हे मी फळ्याकडे पाठ करून मुलांना सांगितलं.

तिने हात वर केला. "पण नंतर लशी सगळ्यांनी एकत्र घेतल्या ना? हाऊ डिड दॅट हॅपन?"

मी म्हटलं, एकट्याने जमत नाही हे कळल्यावर. आरोग्याचा अधिकार कोणीच कोणाला देऊन टाकला नाही. तो देशांकडेच राहिला. फक्त खरेदी एकत्र केली.

"म्हणजे ‘पॉवर कोणाची’ हा क्वेश्चन त्यांनी ओपनच ठेवला?"

"बऱ्याच अंशी."

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि खूश दिसली. मला कल्पना नव्हती की ती युरोपविषयी लिहीत नव्हती.

रविवारी तिच्या वडिलांना सुट्टी. दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं, सुरमई होती. जेवण झाल्यावर मुलीने चिपळूणला व्हिडिओ कॉल लावला. आधी काकू आल्या, मग बराच वेळ नुसतं छत आणि पंखा, मग काका. निवृत्त ग्रामसेवक, चष्मा कपाळावर.

"मला कशाला फोन? तुझ्या मामाने गुच्छ दिला की."

मुलगी मराठीत बोलली. तिच्या तोंडून इतकं सलग मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं. "काका, मामांना फक्त कळलं. मी विचारतेय तुम्हाला. अजून कोणालाच नाही विचारलं."

"ठरवून झाल्यावर विचारतेस होय?"

"जायचं मी ठरवलंय. कसं जायचं, कधी निघायचं, तिथे कोणाशी ओळख काढायची, यातलं मला काही कळत नाही. ते तुम्ही ठरवा."

काकांनी मान वळवली. मग काकूंचा आवाज आला, "अहो, ती विचारतेय ना? मग चष्मा लावून बोला तरी."

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कॉलेज कधी सुरू, घर कसलं, सोबत मुली कुठल्या, थंडी किती, सगळं विचारलं. मी मनात म्हटलं, शाब्बास. जावं की नाही हा प्रश्नच तिने टेबलावर येऊ दिला नाही. ब्रसेल्समधले मुरलेले अधिकारी असंच करतात, आणि मी त्यांना वर्गात नावं ठेवते.

मग काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. पान उलटलं. "नाही जमणार."

"का?"

"पितृपक्ष आहे. गणपती गेले की दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस. त्यात पोरीला घराबाहेर काढायची नाही. नवरात्रात जाऊ दे."

नवरात्र म्हणजे कॉलेज सुरू झाल्यानंतर आठवडाभराने, आणि शिष्यवृत्तीची अट होती की पहिल्या दिवशी हजर राहायचं. तारीख ठरवायचा अधिकार तिने स्वतःच त्यांना दिला होता, आता तोच अंगावर आला.

मी मध्ये पडले. पडायला हवंच होतं. "काका, नमस्कार, मी हिची शिक्षिका. ज्या वाडवडिलांसाठी तुम्ही पंधरा दिवस पाळता, त्यांना आपली नात शिकायला निघाली याचं वाईट वाटेल असं खरंच वाटतं तुम्हाला? मुलींना घरात ठेवायला आजवर काय काय कारणं झाली, आता पंचांगही?"

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"सांगलीकडच्या, इस्लामपूरच्या."

"तरीच," काका म्हणाले. "आवाज खणखणीत आहे."

"दादा, त्या मॅडम आहेत," मुलीचे वडील कासावीस झाले.

"मग मी काय वाईट बोललो? बरोबरच आहे त्यांचं. पण उद्या तिकडे पोरगी आजारी पडली की इथे आमच्या आईपासून सगळे मलाच म्हणणार, तू पितृपक्षात का जाऊ दिलंस. तेव्हा बाई येणार आहेत का चिपळूणला उत्तर द्यायला?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मुलीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. "काका," ती म्हणाली, "पंधरा दिवस थांबता येत नाही, आणि तुमचं मोडायचं पण नाही. मला काही सुचत नाही. तुम्हीच मार्ग काढा."

"बघतो," म्हणाले आणि फोन बंद.

मुलीचे वडील घाम पुसत म्हणाले, "खलास! आता दादा महिनाभर बोलणार नाहीत."

"बोलतील," ती म्हणाली. "मॅम, ज्याचा व्हेटो त्यालाच ड्राफ्ट लिहायला द्यायचा. तुम्हीच सांगितलं होतं."

मी सांगितलं होतं खरं. पण ते शेतीच्या अनुदानांबद्दल.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. तिची आई रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायची. ती कमी बोलते, पण त्या दिवसांत एकदा म्हणाली, "मला सुद्धा शिकायचं होतं, ताई. तेव्हा कोणी नाही म्हणालं नव्हतं. नुसतं पुढच्या वर्षी बघू म्हणाले." मग चहाचा कप विसळून निघून गेली. त्या रात्री मी एक लांबलचक मजकूर लिहिला, काकांना पाठवायला, पत्रकासारखा, तीन ठिकाणी उद्गारचिन्हं. पाठवायच्या आधी मुलीला दाखवला. तिने वाचला आणि म्हणाली, "व्हेरी गुड, मॅम. प्लीज नका पाठवू."

तिसऱ्या दिवशी काका ग्रुपवर परत आले. आल्या आल्या त्यांनी मजकूर टाकला, तोही ठळक अक्षरांत: गणपतीतच प्रस्थान ठेवावे.

मला ठाऊक नव्हतं म्हणून मुलीच्या आईने सांगितलं. निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी प्रवासाच्या सामानातली एक पिशवी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. पिशवी गेली की माणूस निघालं असं धरतात. मग ते प्रत्यक्षात कधीही गेलं तरी दोष नाही. इतके दिवस प्रस्थान ठेवत नाहीत, असं चिपळूणच्या गुरुजींचं मत पडलं होतं म्हणे. काकांनी गुरुजींनाही वळवलं.

"पण घर जायच्या दिशेला हवं," मुलीचे वडील म्हणाले, आणि मोबाइलमधलं होकायंत्र काढून जिन्यात उभे राहिले. बेल्जियम वायव्येला. ते होकायंत्र समोर धरून मजल्यामागून मजला चढत आले आणि वायव्येच्या कोपऱ्यातल्या दारावर थांबले. दार माझं होतं.

"मॅडम, तुमचंच घर बसतंय."

माझ्या घरात! ज्या घरात मी आजवर साधी आरती होऊ दिली नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. मग माझ्या आईला फोन लावला. आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिलेली बाई, ती माझ्या बाजूने उभी राहील अशी खात्री होती. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "पोरगी जातेय ना?"

"जातेय."

"पहिल्या दिवशी पोचतेय ना?"

"हो."

"मग ठेव की पिशवी. पिशवीला काय धर्म असतो? तिच्या जागी ते तुला बेल्जियमला पाठवत असते तर मी दहा पिशव्या ठेवल्या असत्या."

तरी मी मुलीशी वाद घातलाच. तिला म्हटलं, ही फसवणूक आहे, स्वतःची आणि देवाची, दोघांचीही. त्यावर तिने मला माझीच गोष्ट ऐकवली. दर वर्षी पहिल्या महिन्यात मी ती रंगवून सांगते. युरोपच्या मंत्र्यांना वर्ष संपायच्या आत शेतीचं धोरण ठरवायचं होतं. ठरेना, आणि मध्यरात्र होत आली, तेव्हा त्यांनी घड्याळच थांबवलं आणि पुढे दोन आठवडे वाटाघाटी केल्या. कागदोपत्री जुनं वर्षच चालू.

"मॅम, घड्याळ थांबवलेलं चालतं तुम्हाला. ती स्टोरी तुम्ही हसत सांगता. बॅग हलवलेली नाही चालत?"

मी हॉलमध्ये पिशवीसाठी जागा बघितली. मग विचारलं, "पिशवीत काय असणार?"

"कपडे, तांदूळ, सुपारी. आणि तुमच्या कोर्सचं टेक्स्टबुक."

"पुस्तक वर ठेव," मी म्हटलं.

गौरी-विसर्जनानंतरच्या रविवारी पिशवी आली. काका व्हिडिओवर होते, मागे त्यांच्या घरच्या गणपतीची झालर दिसत होती. त्यांचं सूचना देणं चालू होतं: जमिनीवर टेकवू नका, पाटावर ठेवा. माझ्याकडे पाट नव्हता. मी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. काकांनी ते दाखवायला सांगितलं, उलटं करायला लावून बघितलं आणि पास केलं. मुलीच्या वडिलांनी पिशवी ठेवली, मुलीने नमस्कार केला. मी केला नाही. काका म्हणाले, "बाई, तुम्हाला आग्रह नाही हो," आणि मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा मनापासून बरं वाटलं.

पुढचे दिवस मजेचे गेले. नियमाप्रमाणे मुलगी आता घरातून निघालेली होती, म्हणजे स्वतःच्याच घरात पाहुणी. तिचे वडील संध्याकाळी उम्म अल कुवैनहून आले की दारातूनच विचारायचे, "काय पाहुणेबाई, चहा घेणार का? किती दिवस मुक्काम?" पाहुणीला भांडी घासू देत नाहीत म्हणून ती सोफ्यावर लोळत पडायची. तिच्या आईने तिसऱ्या दिवशी नियम बदलला. पाहुण्यांनी निदान आपलं ताट तरी उचलावं.

निघायच्या दिवशी, पितृपक्षाच्या ऐन मध्यात, सगळे माझ्या घरी जमले. तिला स्वतःच्या घरातून निघायचं नव्हतं ना, माझ्या घरातून निघायचं होतं. बॅगा आधीच खाली गाडीत गेल्या होत्या. चहा झाला, काकांचा फोन झाला, मामांचाही झाला. या वेळी आधी काका आणि मग मामा, हे मुलीच्या वडिलांनी जातीने पाहिलं. मुलीने स्टुलावरची पिशवी उचलून खांद्याला लावली. आईला मिठी मारली, मला मारली. "मॅम, तुम्ही बरोबर होता, बाय द वे. इन प्रिन्सिपल."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"यल्ला, यल्ला, चला आता," तिचे वडील लिफ्ट धरून उभे होते. "विमान काय दादांना विचारून सुटणार आहे?"

लिफ्ट खाली गेली. मुलीची आई विमानतळावर गेली नाही, तिला तिथे रडायचं नव्हतं. ती माझ्याकडेच थांबली. मी दिवा लावला, बाहेर दुबईच्या बाजूला गाड्यांची रांग लागली होती. तांदळाचे चार-दोन दाणे स्टुलावर पडले होते, ते तिने हाताने गोळा केले आणि काय करावं न कळून मुठीत धरून बसली.

"ताई," ती म्हणाली, "ती तिकडे तुमचाच विषय शिकणार ना?"

"हो."

"मग मला पण सांगा थोडं. फोनवर बोलताना नुसतं जेवलीस का, जेवलीस का, किती दिवस विचारणार?"

मी कागद घेतला. पेन्सिलने सहा गोल काढले. सुरुवातीला सहाच देश होते, वहिनी, मी सांगायला लागले, आणि एका मोठ्या लढाईनंतर सगळेच थकले होते.

तिने सहाही गोल नीट पाहिले. मग विचारलं, "यातला थोरला कोण?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "तिथूनच सगळं सुरू होतं."

"बाई गं," ती म्हणाली, खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, आणि पहिल्या गोलावर बोट ठेवलं.